अण्णाची रजा

अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, अंगाला लावायचं एरंडेल संपलं होतं, म्हणून बाटली घेऊन मी तेल्याच्या घरी गेले होते. चैताचं ऊन. मुरुमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. तेल घेऊन परत आले, तर उंबऱ्याशी काळे बूट. चकचकीत. अण्णाचे.

आला बाई एकदाचा, एवढंच माझ्या मनात आलं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ मल्लिकार्जुन. लढाईच्या काळात तो विमान चालवायला शिकला आणि लढाई संपल्यावर हैद्राबादच्या एका विमान कंपनीत लागला. निजामाच्या मुलखात तेव्हा विमान जवळून बघितलेली माणसंसुद्धा थोडी. आमच्यासारख्या लिंगायत दुकानदाराचा पोरगा ते चालवतो, म्हणून गाव आमच्या घराकडं बोट दाखवायचं. पण घरात त्याचं सुख कुणाला नव्हतं. आज मद्रास, उद्या बंगळूर, परवा ढग उतरले म्हणून तिथंच मुक्काम. पोरीच्या बारशाला येतो म्हणाला आणि तार आली, ड्यूटी लागली. पंचमीला तेच, दिवाळीला तेच. इरम्मा वैनी सणाचं ताट झाकून ठेवायची आणि दिवस मावळला की मुकाट्यानं गाईपुढं ठेवायची. अव्वाला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा तिची सेवा करायला मी जळकोटहून, सासरहून, आले. तो मात्र एकदाच येऊन गेला होता, आणि तेव्हाही अव्वाकडं पाठ करून खिडकीतून बाहेर बघत बसला होता. आठ दिवसांपूर्वी तिचं जास्त झालं, तेव्हा आम्ही त्याला तार केली होती.

आज तो खाली जमिनीवर बसला होता, तिच्या उशाशी. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. चमच्यानं तिला पाणी पाजत होता. हनुवटीवरचा ओघळ बोटानं पुसत होता.

"कधी आलास, अण्णा?"

"आत्ताच."

"रजा किती दिवसाची?"

"लागंल तितकी," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

त्याच्या अंगावरून गार हवा येत होती, विहिरीत उतरून वर आलेल्या माणसासारखी. आणि एक वास, ओल्या लोखंडाचा. येणेगूरच्या फाट्यावर मोटार सोडून मुरुमला यायचं म्हणजे गुडघ्यापर्यंत फुफाटा. त्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. मी ते बघितलं, आणि अव्वाच्या पायाला तेल लावायला बसले.

तो राहिला. अव्वाची कूस तो बदलायचा, तिची घाण तो काढायचा. जी पोर त्याला बघून भोकाड पसरायची, ती त्याच्या मांडीवर झोपू लागली. वैनी चुलीपुढं गुणगुणायला लागली. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी तिचा गाण्यातला आवाज ऐकला. जेवायला बोलावलं की अण्णा म्हणायचा, "अव्वानं घेतलं की घेतो." त्याला घास घेताना मात्र कुणी बघितलं नाही.

मग एका दुपारी, सगळं घर पडलेलं असताना, अव्वा बोलली. सहा महिने ओठ न हललेली बाई.

"मल्लू… किती गार रे हात तुझा…"

"वरनं आलोय ना, अव्वा."

ती हसली. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून तशीच गेली.

आमच्या रिवाजाप्रमाणं तिला बसती करून शेतात समाधी दिली. माती पहिल्यांदा त्यानं लोटली. परत येताना तो आमच्यात नव्हता. ड्यूटीवर गेला असंल, सगळेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तेव्हा मी ओसरी सारवत होते. पायरीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. गुडघ्यापर्यंत धूळ, दाढी वाढलेली, हातात चुरगळलेली तार. अण्णा. तो वर येईना.

"चन्ना," तो म्हणाला, "मला उशीर झाला."

मला काही कळेना. तेवढ्यात शेजारचे शरणबसप्पा काका आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उशीर कसला, बाबा? आईनं तुझ्या मांडीवर जीव सोडला. पोटी पोर असावं तर असं."

अण्णानं दचकून त्यांच्याकडं बघितलं. टोमणा आहे का, हे तो त्यांच्या तोंडावर शोधत होता. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. वैनी तांब्या घेऊन बाहेर आली. "परत रजा दिली व्हय?" तिच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. तिच्या हातून तांब्या घेताना अण्णानं निम्मं पाणी सांडलं. मी त्याचा हात धरला. उन्हानं तापलेला होता.

गोठ्यात नेऊन त्यानं मला सांगितलं. माझ्याकडं बघत नव्हता, गव्हाणीच्या दगडावर नखानं ओरखडत होता.

"मी आलोच न्हवतो, चन्ना. तार मिळाली त्या दिवशी मला सुट्टी होती. घरी निघायचं सोडून दुसऱ्याची मद्रासची पाळी मी मागून घेतली… मागून. अव्वाचं ते वाकडं तोंड मला बघवत न्हवतं. वर गेलं की कुणी हाका मारत न्हाय."

"मग इथं कोण होतं?" मी विचारलं.

त्यानं नख दगडावर आणखी जोरात ओढलं.

"वैनीला सांगायचं?"

"काय सांगू तिला? तुझ्या घरात कोण राहून गेलं, म्हनू?" त्यानं कपाळ गव्हाणीला टेकवलं. "आणि आला तो माझ्यापेक्षा बरा होता, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

नाही सांगितलं. त्यानंही नाही, मीही नाही. महिन्याभरानं मठात स्वामींनी भरल्या सभेत त्याला पुढं बोलावलं. एवढ्या मोठ्या नोकरीतून वेळ काढून आईची सेवा केली म्हणून हार घातला. गावानं टाळ्या वाजवल्या. अण्णानं मान इतकी खाली घातली होती की हार गळ्यातून निसटून पायांवर पडला. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर त्यानं लांबच्या पाळ्या सोडल्या. पगार कमी घेतला आणि महिन्याला घरी येऊ लागला. यायचा, बसायचा, पण त्याला जमायचं नाही. पोर जवळ गेली की अवघडायचा, घड्याळ बघायचा. वैनी मला म्हणायची, "वन्सं, सासूबाईंच्या वक्ताला किती मायेनं बसायचे. आता परक्यासारखं करतात." तो दाराआडून ऐकायचा आणि अंगणात जाऊन उभा राहायचा. हळूहळू महिन्याचे दोन महिने झाले. परत पाळ्या मागून घेऊ लागला असावा. त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीची नागपंचमी. पोर पाय मुरगळून पडली होती आणि तिनं बापाचा ध्यास घेतला होता. नक्की येतो, असं त्यानं लिहिलं होतं. पंचमी होऊन गेल्यावर, सकाळच्या उन्हात, तो जळकोटला माझ्या सासरच्या दारात उभा. मुरुमचा फाटा मागं टाकून इतक्या लांब आलेला.

"घरी न्हाय गेलास?"

"गेलतो." त्यानं जोत्यावर बसकण मारली. "मुंबईला अडकलो, चन्ना. ह्या खेपेला खरंच अडकलो. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. दार लोटलेलं होतं. कडीला हात घातला तर आत हसणं… इरम्मा हसत होती. पोर हसत होती. फटीतनं बघितलं. पोरीचा पाय मांडीवर घेऊन कुणीतरी चोळत होतं. पाठ माझ्याकडं होती."

"मग?"

"शर्ट माझा होता."

"अरे, मग दार का न्हाय उघडलंस?"

"लाज वाटली," तो म्हणाला. " म्या आत जाऊन काय केलं असतं? त्यांचं हसणं बंद पडलं असतं."

मी त्याला तिथंच सोडणार नव्हते. तुझं घर, तुझी बायको, तुझी पोर, असं म्हणत जवळजवळ ओढतच त्याला मोटारीत बसवलं. येणेगूरपासून आम्ही चालत गेलो. तो माझ्या मागं दोन पावलं, गुन्हेगाराला चालवतात तसा. मुरुमची गल्ली भर दुपारची, रिकामी. कडी मी वाजवली.

वैनीनं दार उघडलं. कपाळाला कुंकू, हात पिठाचे. मला बघून तिचं तोंड उजळलं. मग तिची नजर माझ्या मागं गेली. तिनं घाईघाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि हळू आवाजात मला विचारलं,

"वन्सं, हे पाव्हणं कोण?"

मी वळून अण्णाकडं बघितलं. मला वाटलं, आता तो ओरडेल, तिला हाक मारेल. त्याचे ओठ हललेही. पण मान खालीच राहिली.

"वाट चुकलो, बाई," तो म्हणाला. "घोटभर पाणी मिळंल का?"

तिनं वरून पाणी ओतलं, तो ओंजळीनं प्यायला. त्यानं हात शर्टाला पुसले. माझ्याकडं बघून किंचित मान हलवली, नको म्हणतात तशी, आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्यानंतर तो मला दिसला नाही. हैद्राबादहूनही कधी तार आली नाही, की मल्लिकार्जुन कामावर का येत नाही म्हणून कुणी विचारायला आलं नाही.

त्या दुपारी तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते. हाक मारावी, धावावं, काहीतरी करावं…

आणि तेवढ्यात आतून, माजघरातून, अण्णाचा आवाज आला. इतका मायेचा की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चन्ना, उन्हात का उभी? आत ये ना."

मी आत गेले.