लाल पट्ट्यांची वाट

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. मी कथा लिहिणारा माणूस नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. दुसऱ्याने लिहिलेल्यातल्या चुका शोधायच्या, एवढंच मला येतं. त्यामुळे पुढे जे आहे ते रंगवून सांगितलेलं नाही. तेवढी कुवतच नाही.

जे कानांनी ऐकलं, ते लिहितोय. कान म्हातारे आहेत, हे तुम्ही धरून चाला. मीही तेच धरून चाललो होतो...

त्या संध्याकाळपर्यंत.

नोव्हेंबरमधला शेवटचा शनिवार होता. जागा, आमच्या गावाबाहेरचं तळं.

तळ्याभोवती जंगल आहे आणि त्यात फिरायला तीन वाटा आहेत. झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे मारलेत, ते बघत चालायचं. पांढरे पट्टे म्हणजे सोपी वाट. काठाकाठाने जाणारी, सपाट, ठिकठिकाणी बाकं. लहान मुलं, चाकांची खुर्ची आणि माझ्यासारखे लोक, यांच्यासाठी. पिवळी वाट टेकाडावरून जाते, ती धडधाकट माणसाची. आणि लाल वाट सरळ वर चढते, दाट झाडीतून थेट सुळक्यापर्यंत. सवय नसणाऱ्यांनी जाऊ नये, अशी पाटीच आहे तिथे.

माझी बायको लाल वाटेची होती. मी पांढऱ्या.

आमचा संसारच तसा. लाकडी पुलापर्यंत दोघं बरोबर जायचो. पुलापलीकडे ती वर चढायची, मी पुस्तक घेऊन काठाने निघायचो. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला लाल वाट खाली उतरते, तिथे भेटायचं. तिची वाट लांबची, चढाची. तरी मी पोचायच्या आधी ती तिथे बसलेली असायची, बुटांच्या नाड्या सैल करून, गाल लालबुंद.

"आलात? मला वाटलं, ते पुस्तक संपवून दुसरं आणायला घरी गेलात."

मग तिची फुप्फुसं बिघडली. बरं होणारं दुखणं नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. तिला ते न सांगताच कळलं होतं.

शेवटचं वर्ष ती माझ्याबरोबर पांढऱ्या वाटेवर चालली. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या कोपरात. काठी टेकायची, दोन श्वास घ्यायचे, खोकायचं, मग पुढचं पाऊल. पुलापलीकडे लाल पट्ट्याचं पहिलं झाड आहे. त्याला हात लावून ती वर बघत राहायची.

"बरं वाटलं ना, की एकदा वर जाऊन येईन हं."

"मीही येतो."

"तुम्ही? शब्दकोश खाली काढताना धाप लागते तुम्हाला! खांद्यावर कोण घेणार, मी?"

आणि हसायची. हसलं की खोकल्याची उबळ यायची. ती थांबता थांबायची नाही.

मग मी तिला हसवणंच बंद केलं.

मे महिन्यात ती गेली.

त्यानंतर मी तळ्याकडे फिरकलो नव्हतो. मुलगी फोनवर मागेच लागली होती. "बाबा, घरात बसून बुरशी येईल तुम्हाला. जरा बाहेर पडा." म्हणून त्या शनिवारी गेलो.

फाटकापाशी चौकीदाराची खोली आहे. खोलीबाहेर एक फळी, तिच्यावर तीन रंगांच्या खुंट्या. आत जाताना एक लाकडी बिल्ला आपल्या वाटेच्या खुंटीला अडकवायचा, परतताना काढून टोपलीत टाकायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय चौकीदार घरी जात नाही.

"काका! अहो, किती दिवसांनी!" तो उठून उभा राहिला. सवयीने त्याने माझ्या मागे पाहिलं. मग नजर खाली वळवली. "धुकं उतरायला लागलंय. पुलापर्यंत जा आणि फिरा माघारी."

मी बिल्ल्याचं काम उरकलं आणि निघालो.

वारा नव्हता. पाणी दिसत नव्हतं, नुसता त्याचा गारवा लागत होता. पाखरांचा कलकलाट चालू होता...

तो एकाएकी थांबला.

आणि माझ्या मागे...

टक.

फांदी पडली असेल, मी मनाशी म्हटलं.

टक... मग दोन श्वास... मग खोकला... मग टक.

स्वल्पविराम आणि पूर्णविराम तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलंय, त्याला थांबण्या-थांबण्यातला फरक कळतो. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.

मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. वळलो आणि तिथे कोणी नसलं, तर काय करायचं होतं मी?

मी कोपर अंगापासून जरा लांब धरलं, पूर्वी धरायचो तसं. आणि अगदी सावकाश चालत राहिलो.

पूल आला. माझ्या पायाखाली फळ्या कुरकुरल्या. मी पलीकडे उतरलो.

फळ्या पुन्हा कुरकुरल्या.

लाल पट्ट्याच्या झाडापाशी काठी थांबली. मीही थांबलो. तिच्या छातीतली ती शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती. दोन वर्षं रोज रात्री मी ती ऐकत पडलो होतो.

मग ती शिट्टी... थांबली.

एक श्वास आला. लांब, मोकळा, काही अडथळा नसलेला.

आणि पावलं वाजली. काठीशिवाय. भरभर, हलकी. पाचोळा तुडवत ती लाल वाटेने वर निघाली.

"अगं..."

पावलं थांबली नाहीत.

मी त्यांच्यामागे वर चढायला लागलो. माझं वय काय, गुडघे कसले, काही आठवलं नाही. झाडाच्या मुळात पाय अडकून पडलो, तळहात सोलवटला. वर धुक्यात पावलं लांब लांब जात होती.

"अगं थांब! मी येतोय ना! थांब जरा माझ्यासाठी!"

पावलं थांबली.

वळली.

आणि खाली, माझ्याकडे यायला लागली.

मी रडत होतो. लिहायला लाज वाटते, पण इतका आनंद मला तिच्या माघारी कधीच झाला नव्हता. एकदा तोंड दिसू दे, बाकी काही नको, एवढंच मनात होतं.

मग मी नीट ऐकलं...

वरच्या वळणावर पावलं जड झाली.

त्याच्या खालच्या वळणावर श्वास ऐकू यायला लागला.

मग छातीतली शिट्टी.

मग... टक.

मी बोलावलं म्हणून ती येत होती. आणि खाली येताना पावलापावलाला तिचं दुखणं पुन्हा तिच्या अंगात शिरत होतं. खोकला सुरू झाला. तो साधा खोकला नव्हता. शेवटच्या आठवड्यातला होता, पलंगाची कड धरून ती खोकायची तो.

आता ती हातभर अंतरावर होती. मधे फक्त धुकं. अजून एकच पाऊल आलं असतं तर ती मला दिसली असती. खात्री आहे माझी.

टक...

"नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "येऊ नकोस. मी बसतो इथे. मला काही झालेलं नाही. तू जा वर."

खोकला थांबला. कसलाच आवाज नाही. पानसुद्धा पडेना.

"जा ना गं. उशीर होतोय तुला."

बराच वेळ काही झालं नाही. मग पावलं वळली. आधी जड, मग कमी जड, मग हलकी. काठीचा आवाज कधी बंद झाला ते कळलंच नाही. ऐकू येईनाशी होईपर्यंत मी ऐकत राहिलो. हाक घशाशी येत होती. ती मी दातांखाली धरली.

चौकीदार बॅटरी घेऊन आला, तेव्हा मी तिथेच झाडाला टेकून बसलो होतो.

"काका! अहो, या वाटेला कशाला आलात? उठा, धरा मला."

"तुला कसं कळलं मी इकडे आहे ते?" माझा बिल्ला तर पांढऱ्या खुंटीला होता.

तो घुटमळला. "लाल खुंटीलाही एक होता ना. तुम्हीच लावलात, काका. नेहमीसारखे दोन उचललेत. एक इकडे, एक तिकडे. मला टोकवेना. मग अंधारायला लागलं तरी दोन्ही तिथेच. म्हटलं, आधी लालकडेच बघावं."

म्हणजे ती चूक माझी. हाताला इतक्या वर्षांची सवय. मग बाकीचंही सवयच असेल का, कानांची? मुलीला सांगितलं, तर ती फोनवर म्हणाली, "बाबा, आपलं मन असे खेळ करतं." मीही जवळजवळ मान्य केलं होतं.

पण गेल्या मंगळवारी, भर दुपारी, मी आरामखुर्चीत वाचत बसलो होतो. एक सुंदर वाक्य आलं. असं वाक्य आलं की मी आतल्या खोलीकडे बघून हाक मारायचो, जन्मभर. तोंडातून निघूनच गेलं.

"अगं, हे ऐक..."

घर शांत होतं.

आतल्या खोलीत... टक.

मग छातीतली ती शिट्टी.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आतलं सगळं शांत होईपर्यंत तसाच बसून राहिलो. तेव्हापासून ओठ घट्ट मिटून वाचतो. मनातल्या मनातसुद्धा तिला हाक मारत नाही. पाहुणा आला तरी बोलताना जपून बोलतो. लोकांना वाटतं, म्हातारा आणखीच घुमा झाला.

काल मुलगी राहायला आली. आज सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही. पण आज डॉक्टरांकडे जायचंच, काही ऐकायची नाही मी. रात्रभर झोपेत आईला हाका मारत होतात तुम्ही." तिचे डोळे भरून आले होते. "आणि तो खोकला, बाबा... पहाटेपर्यंत थांबला नाही."

मी चहा घेतला. जाऊ म्हटलं.

मला खोकला झालेला नाही.