रिकाम्या तळहातावरची तंबाखू

"पटणार नाही. आधीच सांगतो, यातल्या एका शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही," असं बजावून व्हनमाने सरांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये बैठक जमवली. समोर पालिका शाळेतून नव्यानं आलेली प्रशिक्षणार्थी पोरं होती. सर कधीच निवृत्त झालेले. पण ही शाळा आणि डिग्रजेंचा ओतकामाचा कारखाना यांचा करार त्यांनीच जुळवलेला. त्यामुळे दुपारचा चहा कारखान्याकडे आणि गोष्ट पोरांच्या नशिबी.

"एकदा आमच्या प्रार्थनेला अख्ख्या बारावीनं तंबाखू मळली. मुलींसकट! आणि तंबाखू कुणाच्याच हातात नव्हती."

"हॅ!" पोरं म्हणाली.

त्या साली शाळेत 'करस्मृती' नुकती आली होती. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे राखाडी हातमोजे. कसबी कामगारानं ते घालून काम करायचं. धाग्यांतले संवेदक त्याच्या स्नायूंची प्रत्येक हालचाल टिपून ठेवत. मग तेच मोजे पोरांच्या हातात चढवले, की विजेच्या बारीक टिचक्या त्यांच्या बोटांना त्याच वाटेनं नेत. काही आठवड्यांत मोजा काढला तरी हात वाट विसरत नसे. डिग्रजेंनी आपला सर्वांत जुना ओतारी दिला, ईश्वरा लोहार. शाळेनं पोरं दिली. शाळेत मेण ओतून सराव करायचा आणि जमलं, तर बारावीनंतर थेट कामावर. मोजे व्हनमाने सरांच्या कपाटात राहत, किल्ली सरांच्या खिशात.

"मी मात्र ते कधी घातले नाहीत हं!" सरांनी मध्येच ठासून सांगितलं. "मास्तरानं उसनं कसब घेऊ नये. आणि तंबाखू म्हणाल, तर या तोंडाला सुपारीचं खांडसुद्धा ठाऊक नाही."

तर, प्रार्थनेनंतरचं मौन सुरू झालं आणि बारावीचे डावे तळहात आपोआप उताणे झाले. त्यांवर उजवे अंगठे फिरू लागले. मग फट्‌फट्‌ टाळी, चिमूट, आणि चिमूट थेट खालच्या ओठात. मुख्याध्यापिका सबनीसबाईंनी खांबच धरला.

"व्हनमाने, हे काय शिकवलंत?"

"ओतकाम, बाई."

"तोंडात?"

ईश्वरामामांची लकब कसबाबरोबर पोरांत उतरली होती. पालक धावून आले. शाळा समितीनं करार मोडायचं ठरवलं. सगळ्यांत हादरली बारावीतली तस्लिमा मुजावर. सरांच्या शब्दावर तिनं पुढचा कुठलाच अर्ज भरला नव्हता; हा करार तुटला तर तिचं वर्ष नव्हे, वाटच जाणार होती. सरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी हातापाया पडून समितीसमोर एकदा ओतून दाखवायची संधी मागून घेतली.

कंपनीच्या इंजिनिअरनं मोज्यातून तेवढी लकब छाटली. छाटलेला मोजा घालून पोरांनी पुन्हा सराव केला. हात सोवळे झाले. अठरा वर्षं भरलेल्यांना डिग्रजेंनी आधी चाचणीसाठी खऱ्या भट्टीवर उभं केलं. भांडं लोखंडाच्या रसानं भरलं, पोरांनी लगेच साच्यात ओतलं. थंड झाल्यावर मालक अण्णासाहेब डिग्रजेंनी एक नग उजेडात धरला.

"पंपाचं झाकण सांगितलं हुतं रं. चाळण कुणी मागितली?"

आरपार भोकं. इंजिनिअरनं मोजा तपासला, चूक सापडेना. तस्लिमा मात्र ईश्वरामामांजवळ जाऊन बसली.

"मामा, मळताना तुम्ही बघता कुठं?"

"कुठं म्हंजे? रसाकडं."

"आणि किती वेळ मळता?"

"मळून हुईस्तोवर! हे काय इचारनं झालं?"

तस्लिमा उठली ती सरांकडे धावत. "सर, ते व्यसन नव्हतं नुसतं. ते थांबणं होतं! भांडं भरलं की रस फार तापलेला असतो; तसाच ओतला की भोकं पडतात. मामा मळतात तेवढ्यात तो निवतो, रंग पालटतो. आपण लकब छाटली आणि वाट बघणंच छाटलं."

"मग काय, समितीपुढं तंबाखू मळणार?"

"नाही. माझी दादी तसबीहचा जप करताना बोटांची पेरं मोजते, तशी मोजीन."

समितीसमोर भांडं भरलं. सबनीसबाई डोळे मिटून उभ्या. तस्लिमाचा अंगठा पेरापेरावरून सावकाश सरकत राहिला, नजर रसावर. पांढरट झगमगाट नारिंगी झाला, आणि तिनं ओतलं. ते झाकण आजही डिग्रजेंच्या टेबलावर आहे. करार टिकला. नव्या मोज्यात हालचाली भरल्या त्या तस्लिमाच्या हाताच्या.

"आज तुम्ही भट्टीपाशी पेरं मोजता ना, ती तिच्या दादीची!" सरांनी समारोप केला आणि मागं रेलले.

पोरं आपापल्या अंगठ्यांकडे बघू लागली. मागच्या टेबलावरून ओतकाम विभागाची प्रमुख चहाचा कप घेऊन उठली. ती तस्लिमा मुजावर.

"गोष्ट खरी आहे रे पोरांनो. एक वाक्य सोडून." ती सरांच्या समोर येऊन थांबली. "सर, नवा मोजा पेरं मोजतो. मळणारा मोजा जुना, आणि तो फक्त तुमच्या कपाटात होता. मग गोष्ट सुरू केल्यापासून तुमचा अंगठा त्या रिकाम्या तळहातावर काय करतोय?"