काकूंच्या अलार्मची बॅटरी

"उल्का, आरती झाली की बॅटरी परत बसव गं. तोवर तिच्या तोंडाला टेप लावून ठेव. सुटी टाकू नकोस..."

कमलाकाकूंचं हे रोजचं सांगणं.

देवासमोर बसून लिहितेय, यातलं एक अक्षर खोटं नाही. राजीव माझा धाकटा दीर, उल्का त्याची बायको. गाव अमेरिकेतलं बॉथेल. जानेवारी २००७.

काकू त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. धूप लावला की छताला लावलेला स्मोक अलार्म बोंबलायचा. काकूंचे गुडघे गेलेले. म्हणून रोज संध्याकाळी उल्काच स्टुलावर चढून त्याची चौकोनी बॅटरी काढायची, आरतीनंतर बसवायची.

त्या गुरुवारी काकूंचा मुलगा अमित कामासाठी जर्सी सिटीला गेला होता. आरती संपतेय तोच राजीवचा फोन आला. बर्फात गाडी अडकली होती.

घाईत उल्काने बॅटरी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. टेप न लावता. आत चिल्लर, किल्ल्या, कापसाच्या वाती...

"काकू, सकाळी येऊन बसवते."

"विसरशील हो, विसरभोळे!"

"देवाशप्पथ बसवते."

किल्ल्या-चिल्लर बॅटरीच्या उघड्या तोंडाला टेकून तापली, वातींनी पेट घेतला, आणि पहाटे तो ड्रॉवर पेटला.

अलार्म वाजलाच नाही.

काकू झोपेतच गेल्या.

महिना झाला. वरच्या दाराला प्लायवूड ठोकलेलं. आणि एका संध्याकाळी, बरोबर सात वाजता...

चिक्.

बॅटरी संपत आली की अलार्म करतो, तसा आवाज.

राजीवने घरातला अलार्म उतरवला. बॅटरी काढून हातात धरली.

चिक्...

"वरून येतोय यार," तो पुटपुटला.

त्याने इमारतीच्या मॅनेजरला फोन केला. मॅनेजर म्हणाला, वर अलार्म उरलाय कुठे? छतच जळून गेलंय.

दुसऱ्या दिवशी सातला आधी धुपाचा वास आला.

मग घंटी.

मग डोक्यावर स्टूल सरकल्याचा आवाज... अलार्म होता तिथवर.

आणि एकदम शांत. कोणीतरी वाट बघत थांबल्यासारखं.

"उल्का... आरती झाली गं."

राजीवनेही ऐकलं. यापुढचं तो फारसं सांगत नाही, आणि मला विचारायचा धीर होत नाही. धूप लावणंही मी सोडलंय.

एवढंच कळलं, की उल्का घाबरली नाही. रडलीही नाही. देवापुढे ठेवलेली नवी बॅटरी तिने उचलली. टेप नीट आहे ना, अंगठा फिरवून पाहिलं.

आणि अनवाणीच जिना चढू लागली.