सोड म्हणेपर्यंत

बसा डॉक्टरसाहेब, त्या खाटेवर बसा. लाइट आता लवकर येत नाही, आमच्या पारोळ्याचं हे रोजचंच आहे. कंदील जरा इकडे सरकवा. तुमच्या गाडीचे ब्रेक कोणी केले ते विचारत नाही. विचारलं तर माझं तोंड खराब होईल. लाइनर नवे, रबर नवे, आणि पेडल बघा, लोण्यासारखं नरम! दोन-तीनदा मारलं की वर येतं, दाबून ठेवलं की तिथेच राहतं. म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक आहे, लाइनमध्ये हवा राहिलीये. ती काढायची तर एक माणूस पेडलवर लागतो, एक खाली. तुम्ही बसाल ना सीटवर? बसाल. पण आधी थोडं ऐकून घ्या. मघापासून तुमची नजर माझ्या डाव्या मुठीवर आहे. बघा, बघा. डॉक्टर माणूस, नजर जाणारच.

माझ्या गॅरेजात पेडलवर माझी बायको बसायची, शेवंताबाई. हसू नका. पोरं ठेवली की काम शिकून सुरतेला पळायची, मग हीच बसायला लागली. पुढे गॅरेज, मागे घर. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळता मळता मी हाक मारली, की तशीच पिठाच्या हातांनी यायची आणि लुगडं सावरून सीटवर चढायची. मी खालून म्हणायचो, "मार... मार... धर." ती वरून म्हणायची, "धरं." आमच्या अहिराणीत 'धरलं'ला 'धरं' म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्तरीचाच आवाज पत्र्यावर आपटून परत येतोय.

तिचं 'धरं' आलं की मी निप्पल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा बारका स्क्रू, उघडायचो. नळीतून तेल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत पडायचे. निप्पल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा पुन्हा आत, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ती दरवेळी विचारायची, "सोडू?" मी 'सोड' म्हटल्यावरच पाय वर. एकदा शेजारचा नथ्थू आला आणि मी त्याच्याशी गप्पा हाणत उभा राहिलो. विसरूनच गेलो हो! परत येतो तर ही तशीच पेडल दाबून बसलेली, पाय थरथरतोय. म्हटलं, "अगं, सोडायचं ना!" तर म्हणते, "तुम्ही कोठे सांगं?"

अशी बाई होती. मला अजून तिच्यावर राग येतो, आणि मग रडूही येतं.

तिला ताप आला. साधा म्हणता म्हणता डोक्यात गेला. धुळ्याला दवाखान्यात ठेवली. एका दुपारी माझ्या डाव्या हातात तिचा हात होता. बाहेर कडुनिंबावर कावळे ओरडत होते, वॉर्डात फिनेलचा वास. तिचे ओठ हलले, मी कान जवळ नेला.

"सोडू...?"

मी काय म्हणणार, साहेब? तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, "धर. शेवंता, धर." तर एवढ्या तापातही तिने उत्तर दिलं, "धरं." नंतर नर्सने माझी बोटं एकेक करून उघडली आणि तिचा हात बाहेर काढला.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. वडापची जीप चालवणारा भाईदास गाडी घेऊन आला. त्याच्या बायकोचे, कुंदाबाईचे, दिवस भरत आले होते. म्हणाला, "नाना, कुंदाले धुळ्याले लई जानं शे. ब्रेक पक्के करी द्या." मी चारही चाकं खोलली, सिलिंडरची रबरं बदलली. जोडून बघतो तर पेडल नरम. हवा काढली, तरी नरम. जोडण्या बघितल्या, कुठे थेंब गळत नव्हता. लाइनर ड्रमला भिडवून घेतले. पुन्हा हवा काढली. बुडबुडे संपतच नव्हते. हवा शिरतेय कुठून? मी हात टेकले.

मी एकटाच होतो. एकट्याने करायचं तर पेडल दाबून त्यात आणि सीटमध्ये दांडा अडकवायचा आणि खाली जायचं. तसंच करत होतो. ऊन उतरत आलं होतं. रस्त्यावर एक ट्रक नाही, पत्रा तापून कडकडत होता. सर्वांत लांबचं म्हणजे मागचं डावं चाक पुन्हा धरलं. जीपखाली उताणा झालो, निप्पलला पाना लावला, आणि सवयीने तोंडातून गेलं, "धर."

"धरं."

मला वाटलं, पत्राच असेल. निप्पल उघडलं, तेलाची धार आली, बुडबुड्यांसकट, चांगली जोरात. तेवढ्यात मान वळवली. दांडा निसटून पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीवर पडला होता. मग वर दाबतंय कोण?

अंगावर काटा आला, साहेब. पण खोटं कशाला सांगू? भीती नंतर आली. आधी आनंद झाला. ब्रेक ऑइलच्या वासात ओल्या पिठाचा वास मिसळला होता... कळण्याच्या पिठाचा. मी निप्पल बंद केलं.

"सोडू...?"

मी बोललोच नाही. बोललो तर ती जाईल, एवढंच डोक्यात होतं. नुसता पडून राहिलो. किती वेळ, काय माहीत. वर्षभर ज्या आवाजासाठी कान तरसले होते, तो दोन हातांवर होता.

मग हिंमत करून बाहेर आलो. सीटवर कोणी नव्हतं. रेक्झिन मात्र खाली बसलेलं होतं, आणि पेडल दाबलेलं. हाताने ओढलं, येईना. स्प्रिंग बघितली, धडधाकट. निप्पल उघडून दाब काढला, तरी चाकं जाम. पहार लावून ढकललं, गाडी तसूभर हलली नाही. मी शिव्याही दिल्या. कोणाला ते विचारू नका.

एवढ्यात भाईदास धापा टाकत आला. "नाना, कुंदाले कळा सुरू व्हयन्यात! गाडी तयार शे का?"

तिच्या आईचं ओरडणं मागच्या गल्लीतून मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. दुसरी गाडी त्या वेळी गावात नव्हती. मी म्हटलं, "तू घेऊन ये तिला. तोवर काढतो."

तो पळाला. मी पुन्हा जीपखाली शिरलो, त्याच चाकाशी. वर सीट करकरली. तो पाय थरथरत असणार, मला कळत होतं.

"सोडू...?" या वेळी आवाज फार थकलेला होता.

मी म्हटलं, "शेवंता, मला एकट्याला करमत नाही गं." गल्लीतून बैलगाडी येत होती, त्यात कुंदाबाई कण्हत होती. कसाबसा म्हणालो, "सोड."

"सोडं."

टक् करून पेडल वर आलं. माझ्या डोक्याशेजारचं चाक आपोआप जरा पुढे सरकलं. पिठाचा वास गेला. मी सुटकेचा श्वास घ्यायला गेलो, तर आवाज आला. वरून नाही, साहेब. अगदी माझ्या कानाशी, जीपखालून.

"आते तुम्ही बी सोडा..."

मी खाली बघितलं. उजव्या हातात पाना होता. डावा हात रिकामा असायला हवा होता. त्याची मूठ घट्ट मिटलेली होती, काहीतरी आत धरल्यासारखी.

कुंदाबाई वेळेत पोचली. मुलगी झाली, आता शाळेत जाते. त्या जीपचं पेडल आजही दगडासारखं कडक आहे. मूठ मात्र तेव्हापासून उघडली नाही. जळगावच्या मोठ्या डॉक्टरने फोटो काढला, म्हणाला, हाडं ठीक, शिरा ठीक, तुम्हीच उघडत नाही आहात. आता त्याला काय सांगू? तुम्ही बघताय तर बघा, हात लावा. गार लागली ना? वैशाखातही गारच असते. नाही, नाही, बोटं उघडू नका. एका नर्सने उघडली होती, तेवढं पुरे.

चला, बसा सीटवर. मी 'धर' म्हणेन तेव्हा पेडल दाबून ठेवा. तुम्ही उत्तर देऊ नका. मुठीत आतून कोणीतरी बोटं आवळतं, त्यावरून मला कळतं. आणि पाय उचलायला मी सांगणार नाही, तो शब्द मी आता गाडीखाली तोंडातून काढत नाही. मी पान्याने चाकावर दोनदा वाजवीन. तेव्हा उचला.