जिंकेपर्यंत खेळा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, लावा पैज. मागे मी तुम्हाला नदी उलटी वाहिल्याची गोष्ट सांगितली होती, ती तुम्ही यापेक्षा लवकर मानाल. आणि ती तर मी जेवताजेवता रचलेली. बसा. सूनबाई, तुम्हीही बसा. तुमच्याच नवऱ्याची गोष्ट आहे. तो कामावरून यायच्या आत संपवतो, त्याच्यासमोर सांगायची माझी छाती नाही.

तर, मिस्त्री. नाण्यांवर चालणाऱ्या खेळांचा मिस्त्री. बाजारातल्या इमारतीत, खालच्या मजल्यावर शेठचं गेम पार्लर. आत गाड्यांच्या शर्यती, बंदुका, उड्या मारणारे बेडूक, आणि अगदी दाराशी पंजा. पंजा तुम्ही पाहिलेला आहे. काचेची पेटी, आत मऊ खेळणी, वरून लोंबणारा तीन बोटांचा लोखंडी पंजा. नाणं टाकलं की तो खाली उतरतो, अस्वलाचा कान धरतो, वर उचलतो आणि भोकाजवळ येता येता सोडून देतो. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं, पेटीच्या पाठीमागे पकडीचा एक खटका असतो आणि तो मिस्त्रीच्या बोटाखाली असतो.

त्या खटक्यापायीच सगळं गाव शेठच्या नावाने बोटं मोडत होतं. जुगाराचा अड्डा, पोरं बिघडवायचा कारखाना, काय काय नावं. शेठने दारावर ‘कौटुंबिक करमणूक केंद्र’ अशी पाटी लावली, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी खडूने ‘कौटुंबिक’ खोडून ठेवलं. शेवटी पालकांनी अर्ज केला आणि परवाना खात्याचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. सोबत गावच्या समितीचे दोघं: कोपऱ्यावरचा औषधवाला आणि शाळेच्या मुख्याध्यापिका.

शेठला परवान्याची काळजी. मिस्त्रीची काळजी वेगळी होती. त्याची मुलगी त्याच शाळेत, तिसरीत. तिने वर्गात सांगून ठेवलं होतं की बाबा घड्याळं दुरुस्त करतात.

सूनबाई, तोंड उघडू नका. जे काय असेल ते शेवटी.

त्या दिवशी सकाळी तो तिच्या बुटाची नाडी बांधत होता. डाव्या पायाची नेहमी सुटायची, म्हणून तो तिला दोन गाठी मारून वर उरलेलं टोक आत खोचून द्यायचा. ती खाली न बघता म्हणाली, “बाबा, आज मोठ्या बाई तुमच्याकडे येणार ना? मी तुमची आहे असं सांगू नका हं.”

मिस्त्री म्हणाला, “नाही सांगणार.” आणि टोक जरा जास्तच नीट खोचलं.

दुपारी बारा वाजता पार्लर धुऊनपुसून लख्ख. शेठने हुकूम सोडला, “पंजा जिंकेपर्यंतवर टाक.”

म्हणजे कसं, की यंत्रात तशी सोयच असते. एक नाणं टाकायचं आणि काहीतरी भोकात पडेपर्यंत पंजा पुन्हा पुन्हा फुकट उतरतो. भोकात एक विजेचा डोळा असतो. त्याच्यासमोरून वस्तू पडली तरच यंत्र मानतं की खेळ संपला. जत्रेजत्रेत फिरलेल्या जुन्या मिस्त्र्यांचा एक नेम आहे: जिंकेपर्यंतवर टाकलं तर पेटी कधी रिकामी ठेवायची नाही. का, ते कुणी सांगत नाही.

मिस्त्रीने विचारलं, “खेळणी?”

“मळकी होती, धुवायला दिली. तीन नवी टाकलीत ना? तिघं तर येणार आहेत.”

तिघं आले. साहेबांना ससा मिळाला, औषधवाल्याला बदक. मुख्याध्यापिकांनी पहिल्याच फटक्यात माकड उचललं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. “आम्ही उगाच ऐकून होतो हो!” असं त्या म्हणाल्या, तेव्हा मिस्त्रीची छाती फुगली. इतकी फुगली, की त्याच्या तोंडून निघून गेलं, “बाई, माझी मुलगी तुमच्याच शाळेत आहे. तिसरीत.”

मिस्त्रीने नाव सांगितलं तशा त्या म्हणाल्या, “अय्या, ती तुमची? काय सुंदर चित्रं काढते!”

एवढ्यात औषधवाल्याने चेष्टेचेष्टेत आणखी एक नाणं सरकवलं. “बघू तरी, रिकाम्या पेटीतून काय देतो!”

पंजा उतरला. खालच्या पत्र्यावर टक्‌ वाजला, रिकामा वर आला, भोकापाशी उघडला. पुन्हा उतरला. टक्‌. सगळे हसत होते. मिस्त्री पेटीच्या बाहेरच्या पत्र्याला हात टेकून उभा होता. त्याला पत्रा गार लागला. भर दुपारी, दाराशी ऊन असताना, पाण्यातून काढल्यासारखा गार.

तिसऱ्या वेळी टक्‌ वाजलं नाही. पंजा पत्र्यापर्यंत गेला आणि वर आला तेव्हा त्यात एक चष्मा होता. जाड काचांचा, एका दांडीला दोरा गुंडाळलेला.

“अगंबाई,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “हा माझ्या आईचा! तो दोरा मीच बांधलाय. सकाळी तिच्या डोळ्यांवर होता.”

पंजा उघडला. चष्मा पडला. मिस्त्रीने खालच्या झडपेतून काढून तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिला, उलटा केला, परत दिला.

“कुणाचा आहे?”

“तुमच्या आईचा म्हणालात ना?”

“माझ्या?” त्या हसल्या. “मी अनाथाश्रमात वाढले हो. काहीतरीच काय!”

मिस्त्रीने औषधवाल्याकडे पाहिलं. तो बदकाची चोच दाबत होता. साहेब कागदावर लिहीत होते. आत्ता जे घडलं ते घडल्याचं कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. मिस्त्रीच्या तळहाताला पत्र्याचा गारठा चिकटून बसला होता.

“हा चष्मा कुठला, शेठ?” साहेबांनी मान वर करून विचारलं.

“आमच्या मिस्त्रीच्या गमती, साहेब! पुन्हा दाखवतो.” आणि मिस्त्रीने “नको” म्हणायच्या आत शेठने नाणं टाकलं.

पंजा उतरला.

वर येताना तो हळू आला. मोटर कण्हत होती. तीन बोटांच्या मध्ये एक काळा बूट होता. लहान, डावा. नाडीला दोन गाठी, उरलेलं टोक आत खोचलेलं. बुटात पांढरा मोजा दिसत होता.

एका बुटाच्या मानाने पंज्याची दोरी फारच ताणली होती.

“थांबवा,” मिस्त्री म्हणाला.

पंजा भोकाकडे सरकू लागला. बूट झोके घेत नव्हता. खाली काहीतरी जड लोंबकळत असावं तसा तो सरळ, ताठ चालला होता.

मिस्त्रीने यंत्रामागे उडी मारली. इतकी वर्षं, काहीही बिघडलं की त्याचा हात पहिल्यांदा एकच गोष्ट करायचा. त्याने वायर धरली आणि प्लग उपटला.

दिवे गेले. आणि तेव्हा त्याला आठवलं.

पंज्याची पकड विजेवर असते. वीज गेली की बोटं उघडतात.

पंजा भोकाच्या बरोबर वर होता.

आवाज बुटाचा आला नाही. जिन्यावरून कुणी पडल्याचा आला.

त्याने झडप उघडली. आत एक बूट. मोजा अजून गरम.

“कुणाचा हो?” मुख्याध्यापिकांनी वाकून विचारलं.

“माझ्या मुलीचा. तिसरीतली. तुम्ही म्हणालात, चित्रं...”

“अरे वा, तुम्हाला मुलगी आहे?” त्या अगदी मायेने म्हणाल्या. “आमच्याच शाळेत घाला की.”

साहेबांनी शेरा लिहिला: निर्दोष करमणूक, लहानांसाठी योग्य. शेठने त्याची मोठी प्रत करून दारावर लावली. अजून आहे तिथे.

मिस्त्री शाळेकडे धावला. तिसरीच्या वर्गाला खिडकी होती. तिसऱ्या बाकावर दोन मुली बसलेल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मध्ये जागा सोडून. वर्गाच्या बाईंनी दोनदा सांगितलं, सरका गं, नीट बसा. दोघी सरकल्या नाहीत. “का?” असं विचारलं, तर त्यांना सांगता येईना.

मग तो घराकडे धावला. बूट छातीशी धरून. जिने चढला, दार वाजवलं, आणि सूनबाई, तुम्ही दार उघडलंत तेव्हा—

“पुरे, आजोबा!” सूनबाई हसून म्हणाली. “मघापासून गप्प बसलेय. पार्लर खरं, पंजा खरा, शेठ खरा. हे मुलीचं तेवढं कुठून काढलंत? आपल्या सगळ्या इमारतीला माहीत आहे, आम्हाला मूलबाळ नाही.”

बाकीचेही हसले. बोलताना ती मांडीवरच्या टॉवेलच्या दशा तीन तीन घेऊन त्यांची घट्ट वेणी घालत होती. टोकाशी आली की बोटं थांबायची, रिबीन शोधल्यासारखी बाजूला चाचपडायची, आणि पुन्हा वरून सुरू करायची.