मंगळवारचा ओठ

डॉ. ऋताने टेबलावर तीन फोटो मांडले. तिन्हींत एकच ओठ होता आणि तिन्ही वेळा तो मंगळवारीच सुजला होता.

ओठ प्रबोधदादांचा. सिंगापुरात सेम्बावांगच्या शिपयार्डात इंजिनिअर, वय पंचेचाळीस, दातांना ऋताने बसवलेल्या तारा. मराठी मंडळाच्या संगीत नाटकात ते नायिका होते, कारण मिशी काढायला तयार झालेले पुरुष तेवढे एकच निघाले.

"माझ्या तारांत निकेल आहे म्हणतात," ऋता म्हणाली. "त्यांची बायको, सुचित्रावहिनी, उद्या तक्रार करणार. आधी मंडळाच्या ग्रुपवर, मग डेंटल कौन्सिलकडे. क्वीन्सटाउनला क्लिनिक टाकून चार महिने झालेत मला. निम्मे पेशंट त्याच ग्रुपवर आहेत."

समोर बसलेली उत्कर्षा खाजगी गुप्तहेर. तिचा मावसभाऊ दीपेश आयटीतला; प्रोजेक्ट बंद पडल्यापासून तो तिच्यामागे डायरी घेऊन फिरे आणि दर केसमध्ये पहिल्या पाच मिनिटांत चुकीचा माणूस पकडे. या वेळी त्याने मनातल्या मनात ऋतालाच बेड्या घातल्या.

ऋताने सगळं सांगितलं. दादांना पूर्वी घड्याळाच्या बक्कलमधल्या निकेलने पुरळ आलं होतं, म्हणून तिने मुद्दाम निकेल नसलेल्या तारा बसवल्या. औषधात भिजवलेला कापसाचा बोळा निकेलवर घासला की गुलाबी होतो. तारांवर घासलेला पांढराच राहिला. वहिनींच्या मते बोळाच लबाड होता.

"सूज नेमकी कुठे?" उत्कर्षाने विचारलं.

"वरच्या ओठाला, फक्त डावीकडे. शिवाय डाव्या नाकपुडीशी पुरळ."

संध्याकाळी दोघं वुडलँड्सला दादांच्या फ्लॅटवर गेली. चहा होईतो वहिनींनी शेजारणीला दोनदा फोन करून आइस्क्रीमचा रिकामा डबा परत मागितला.

मंगळवारी काय खाल्लं, हे दीपेशने चटणीसकट लिहून घेतलं. उत्कर्षाने रविवारचं विचारलं. रविवारी दुपारी तालीम असे, पूर्ण वेशात: नऊवारी, खोपा, नथ.

"नथ सासूबाईंची. बावीस कॅरेट," वहिनींनी बजावलं.

नकली दागिन्यात भूमिका अंगात शिरत नाही, असं दादांचं मत होतं. नाक टोचलेलं नव्हतं, पण नथ दाबाची होती. गेल्या रविवारी ती तालमीच्या हॉलमधल्या खुर्चीवर राहिली, ती बुधवारी मिळाली.

"वहिनी रागावल्या असतील," उत्कर्षा म्हणाली.

"छे. म्हणाली, असू दे, मिळेल," दादा म्हणाले.

वहिनींचं मन किती मोठं, असं दीपेशने डायरीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकमध्ये सगळे जमले. वहिनींच्या फोनवर तक्रार तयार होती. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

"तारा दोन्ही बाजूंना आहेत," उत्कर्षा म्हणाली. "मग सूज डावीकडेच का? आणि नाकपुडीला कुठल्या तारा लावल्यात?"

दादांनी डावी नाकपुडी चाचपली.

"निकेलचं पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवस घेतं," उत्कर्षा पुढे म्हणाली. "मंगळवारच्या सुजेचं मूळ रविवारी शोधायचं. रविवारी डाव्या नाकपुडीवर बसून वरच्या ओठावर लोंबते ती वस्तू एकच."

"ती सोन्याची आहे," दीपेश म्हणाला.

"आइस्क्रीमच्या डब्यासाठी दोनदा फोन करणारी बाई सासूची सोन्याची नथ तीन दिवस खुर्चीवर राहू देईल?"

दादांनी पिशवीतून नथ काढली. ऋताने बोळा घासला. तो गुलाबी झाला.

वहिनींनी फोन टेबलावर उलटा ठेवला. "खरी कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "खरी दिली असती तर या माणसाने ती कुठेतरी टाकली असती."

"टाकलीच की," दीपेश म्हणाला.

"म्हणूनच दिली नाही."

दादा खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे महिनाभर मी नकली नथीत होतो," ते हळूच म्हणाले. "ते सगळं निव्वळ माझ्या अभिनयावर चाललं होतं?" सुजलेल्या ओठाने इतकं रुंद हसणारा माणूस दीपेशने आजवर पाहिला नव्हता.

वहिनींनी तक्रार पुसली आणि तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं, की चूक आपली होती, डॉक्टरांच्या तारा चोख आहेत, आणि निकेल न चालणाऱ्यांनी निर्धास्त यावं. नथीचा उल्लेख त्यांनी टाळला.

जेवायच्या सुट्टीपर्यंत ऋताच्या पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंट भरल्या. त्यांतली पहिली वहिनींची होती. त्यांचे खालचे दोन दात बरीच वर्षं वाकडे होते.