दाराबाहेरची मुलगी

दुपारी माझी तान्ही लेक ढब्बू झोपली की मला साधारण पन्नास मिनिटं मिळतात. त्यात कपड्यांच्या घड्या घालायच्या की काम करायचं, हे रोज नव्याने ठरतं आणि रोज कपडे हरतात. खिडकीपाशी माझं टेबल आहे. त्यावर मी जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची यंत्रं, त्यांच्या कॅसेट, दातांनी चावलेल्या वायरी. सासूबाई फोनवर म्हणतात, "लोक भंगार घराबाहेर काढतात, तू आत घेतेस. चालू दे."

प्रत्येक दुरुस्तीची नोंद मी टेबलावरच्याच लॅपटॉपवर, एका ओपन सोर्स लेखन-सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी आपापल्या सवडीने, फुकट बांधलेलं. खरं तर ते कादंबऱ्या लिहिणाऱ्यांसाठी आहे. पण मजकूर बदलला की ते आधीची प्रत वेळेसकट बाजूला ठेवतं. वाक्य अर्धं टाकून उठावं लागणाऱ्या बाईला याहून मोठी सोय नाही.

शिवणकाम करणाऱ्या काकू सोमवारी आल्या. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. पिशवीतून त्यांनी कापडाची एक लहानशी खोळ काढली, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेली. टाके उसवून आतली कॅसेट माझ्यापुढे ठेवली.

"यात माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून हसल्या. "म्हणजे तिचा खेळ हो. इतक्या दचकू नका."

कॅसेट लावली. पहिल्या दोन वेळा पडदा कोराच राहिला. तिसऱ्यांदा चित्र आलं. एक घर, बंद दार, आणि दारासमोर चौकोनी ठिपक्यांची एक छोटीशी मुलगी, आपल्याकडे पाठ करून उभी.

"त्या दिवशी म्हणत होती, आई, हिला घरात नेते आणि बंद करते. मी म्हटलं, पुरे आता, उद्या ने. ताट वाढलं होतं ना." काकू टेपची गुंडाळी करू लागल्या. "दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना रस्ता ओलांडत होती. अकरा वर्षांची."

मी यंत्राचा आवाज कमी केला.

"वर्षातून एकदा लावते. बघते. बंद करते."

"तुम्ही कधी आत नेलं नाहीत तिला?"

"तिचा डाव आहे तो. मी कसा हात लावू?"

अशा कॅसेटची आठवण आतल्या एका चपट्या सेलवर जगते. सेल काढला की काही क्षणांत सगळं पुसलं जातं. म्हणून आधी बाजूने दुसऱ्या सेलच्या वायरी लावायच्या, मग जुना सेल काढायचा, नवा सोल्डरचा डाग देऊन बसवायचा. दहा मिनिटांचं काम. या बनावटीच्या कॅसेटची कॉपी माझ्या यंत्राला काढता येत नव्हती, तेव्हा भिस्त त्या दोन वायरींवरच.

बुधवारी ढब्बू झोपली आणि मी बसले. नोंद लिहिली, वायरी लावल्या, जुना सेल सोडवला. तेवढ्यात ढब्बू किंचाळली. दात येताहेत तिला, झोपेतून अशीच उठते. मी खुर्ची मागे ढकलून धावले आणि माझी बाही वायरीत अडकली.

टिक् असा आवाज झाला. वायर सुटली होती.

मी पुन्हा जोडली, पण मला ठाऊक होतं, डाव पुसला गेला. पलीकडे ढब्बू रडून निळी होत होती. तशीच गेले, तिला मांडीवर घेतलं. एरवी तासभर थोपटावं लागतं. त्या दिवशी ती एकदम शांत झाली, डोळे मिटले. तरी वीस मिनिटं मी तिच्या मानेखालून हात काढला नाही. उठून टेबलाशी जायचा धीरच होईना. बाहेरच्या खोलीत बारीक टकटक येत होती. खिडकीचा पडदा असेल म्हटलं.

परत आले तर खिडकी बंद होती.

खुर्ची टेबलाला लागून होती.

नवा सेल बसवला, कॅसेट मिटली. चालू करून बघितली नाही. काकूंना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

गुरुवारी काकू आल्या. ढब्बू माझ्या कडेवर होती.

"काकू, माझ्या हातून चूक झाली. ती आता..."

"लावून तर बघा आधी."

मी लावली. पडदा पहिल्याच वेळी उजळला.

घराचा आतला भाग होता. एक पलंग, एक दिवा. पलंगापाशी मुलगी उभी होती, तोंड आमच्याकडे.

काकू पडद्याजवळ वाकल्या. बोटांत धरलेली टेप सुटून जमिनीवर उलगडत गेली.

"तुम्ही नेलीत?"

"नाही."

"खरं सांगा हो. मी रागावणार नाही."

"ढब्बूच्या डोक्यावर हात ठेवून सांगते काकू, मी बटणालाही हात लावला नाही."

त्यांनी मान हलवली. पडद्यावरच्या मुलीच्या गालावर एक बोट टेकवलं आणि ती कितीतरी दिवसांनी सापडावी तशा म्हणाल्या, "गेलीस एकदाची." मग स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं. जाताना त्यांची पावलं हलकी वाजली.

ढब्बूला पाळण्यात ठेवून मी नोंद पुरी करायला बसले.

बुधवारच्या पानावर लिहिलं होतं, मुलगी घरात.

मी असं लिहिलं नव्हतं. जुन्या प्रतींची यादी उघडली.

दोन वाजून दहा. मुलगी घराबाहेर, तोंड दाराकडे. हे माझं.

दोन एकतीस. मुलगी दारात.

दोन बत्तीस. मुलगी घरात.

त्या वेळी माझे दोन्ही हात ढब्बूखाली होते.

त्याखाली आणखी एक प्रत होती, दोन तेहतीसची. तिच्यात एकच ओळ वाढली होती, आणि लगेच खोडलेली.

आवाज केला नाही. बाळ झोपलं होतं.